नीरेकाठी एकट्याचा तळ

महाराष्ट्रात खंडाळा हे नाव उच्चारले की बहुतेकांना बोरघाटाच्या माथ्यावरचे थंड हवेचे ठिकाण आठवते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले खंडाळा मात्र सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पुणे-बंगळूर महामार्गावर असून बोलण्यात त्याला ‘पारगाव-खंडाळा’ असे वेगळे काढले जाते. या तालुक्याच्या उत्तरेला नीरा नदी वाहते आणि ती ओलांडली की पुणे जिल्हा लागतो. दक्षिणेला महादेव डोंगररांगेचा बांध आडवा पडलेला आहे आणि महामार्ग तो खंबाटकी घाटाने पार करतो. ही रांग म्हणजे पाणलोटरेषा, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या वाटा वेगळ्या करणारी कड होय: तिच्या उत्तर उतारावरचे पाणी नीरेतून भीमेला मिळते, दक्षिण उतारावरचे थेट कृष्णेकडे जाते, आणि दोन्ही पाणी पुढे शेकडो किलोमीटरवर भीमा-कृष्णेच्या संगमात पुन्हा एकत्र येते. पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असताना या तालुक्याच्या पूर्वेकडे, लोणंदच्या बाजूला, त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो, कारण हा प्रदेश पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगरांनी ढगांचे पाणी आधीच काढून घेतल्यावर उरणाऱ्या कोरड्या पट्ट्यात येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही उणीव असली तरी उघड्यावर रात्र काढू पाहणाऱ्याला ती सोयीची ठरते. कार्तिकापासून माघापर्यंत येथील आभाळ बहुधा निरभ्र असते, जमीन वाळलेली असते, आणि छप्पर ही गरज न राहता केवळ खबरदारी होऊन बसते.

अशा प्रदेशात साठी ओलांडलेल्या माणसाने एकट्याने, थोडक्या सामानानिशी आणि थोडक्या पैशांत मुक्काम करत हिंडणे, हा येथील विचाराचा विषय आहे. आज निवृत्तीच्या वयात असलेल्या पिढीतील अनेकांनी विद्यार्थिदशेत एनसीसीच्या शिबिरांत, बालवीर पथकांत किंवा गडांच्या वाटांवर अशा रात्री काढलेल्या असतात. नोकरी, घराचे हप्ते आणि मुलांची शिक्षणे यांत ती सवय सुटते, आणि पुन्हा उसंत मिळते तेव्हा बाजारात त्याच गोष्टीला ‘कॅम्पिंग’ असे नाव पडून तिच्यासोबत तयार तंबू, शेकोटी, कर्कश संगीत आणि माणशी ठरावीक दर आलेला असतो. धरणांच्या काठांवर ओळीने उभ्या राहणाऱ्या त्या रंगीत तंबूंत पैसे मोजून जे विकत घेतले जाते ते मुख्यतः शेजारच्या गावाची गरज न लागण्याचे स्वातंत्र्य असते. स्वस्तातल्या मुक्कामाची रीत याच्या उलट चालते, कारण त्यात पाणी, जागा, राखण आणि अडीनडीची मदत या चारही गोष्टी गावाकडूनच मिळवाव्या लागतात. म्हणून अशा प्रवासाची स्वस्ताई सामानाच्या किमतीवर जितकी अवलंबून असते, त्याहून अधिक ती लोकांशी जुळवून घेण्याच्या कसबावर अवलंबून असते. आणि हे कसब, गुडघ्यांप्रमाणे, वयाबरोबर झिजत नाही.

खंडाळा तालुक्याला हे कसब नवे नाही. नीरा आणि माण या नद्यांमधल्या कोरड्या पठारावरून मेंढरे घेऊन फिरणारे धनगर दसरा-दिवाळीनंतर चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी आपापल्या गावी परततात. त्यांच्या फिरत्या वस्तीला ‘वाडा’ म्हणतात. काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, सामान वाहणारी घोडी आणि राखणीची कुत्री मिळून वाडा होतो. संध्याकाळी एखाद्या मोकळ्या रानात घोड्यावरचे ओझे उतरते, ‘वाघर’ म्हणजे दोऱ्यांची जाळी खुंट्यांना ताणून मेंढरांना कोंडले जाते, तीन दगडांची चूल पेटते, आणि माणसे घोंगडीवर आडवी होतात. या मुक्कामामागे पक्का व्यवहार असतो: मेंढरे रात्रभर ज्या शेतात बसतात तेथे लेंडीखत पडते, म्हणून शेतकरी मेंढरे ‘बसवून’ घेतो आणि त्याबद्दल धान्य किंवा रोख रक्कम देतो. याचा अर्थ असा की रानात झोपण्याबद्दल धनगराला भाडे द्यावे लागत नाही, उलट त्यालाच मोबदला मिळतो. जर्मन संशोधक ग्युंटर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनी या लोकांच्या दैवतांवर आणि भटकंतीवर आयुष्याचा मोठा भाग खर्च केला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील त्यांचा १९७६चा ग्रंथ वाचताना ध्यानात येते की या माणसांची देवळे, यात्रा आणि चराईच्या वाटा एकमेकांत गुंतलेल्या आहेत. वाड्याच्या जगण्यातली ओढाताण, रानातली बाळंतपणे आणि चराईवरून होणारे तंटे नजरेआड करून त्याकडे रम्य भटकंती म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. तथापि कमीत कमी वस्तूंत रात्र कशी निभवावी, याचे ज्ञान या मुलखात ज्यांच्यापाशी सर्वाधिक आहे ते हेच लोक होत. लोणंदच्या आठवडे बाजारात, जो शेळ्या-मेंढ्यांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहे, त्यांची गाठ सहज पडते.

दुसरी परंपरा दरवर्षी आषाढी एकादशीच्या आधी याच तालुक्यातून जाते. आळंदीहून पंढरपूरला निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदीच्या पात्रात पादुकांना स्नान घालून पाडेगावजवळ सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्काम करते. तिथींच्या घटवाढीनुसार हा मुक्काम एका किंवा अधिक दिवसांचा होतो. सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतराव बाबा याच जिल्ह्यातील आरफळचे. १८३२ हे त्याच्या आरंभाचे वर्ष मानले जाते, आणि पादुकांसाठी उभारला जाणारा तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येण्याची रीत तेव्हापासून चालत आली आहे. पालखी जेथे थांबते त्या मोकळ्या जागेला ‘तळ’ म्हणतात. तळावर दिंड्यांच्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटांच्या राहुट्या काही तासांत उभ्या राहतात. राहुटी म्हणजे मधल्या काठीवर किंवा आडव्या दांडीवर ताणलेला कापडी तंबू होय. दिंडीतला वारकरी ‘भिशी’ नावाची वर्गणी भरतो, तिच्यात जेवण आणि सामानाची वाहतूक भागते, आणि ज्याला तीही परवडत नाही तो गावकऱ्यांच्या अन्नदानावर आणि देवळाच्या ओवरीत पथारी टाकून वाट कापतो. येथे वयाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण या गर्दीत साठी-सत्तरीतली माणसे मोठ्या संख्येने असतात. ज्या बाईने घरी दहा वर्षांत जमिनीवर अंथरूण घातलेले नसते ती येथे पंधरा-सतरा रात्री तशाच काढते आणि पुढच्या वर्षी पुन्हा येते. उतारवयातील मुक्कामी प्रवास शरीराला झेपेल का, या प्रश्नाला लोणंदचा तळ दरवर्षी जे उत्तर देतो त्याहून मोठा पुरावा शोधण्याची गरज नाही. एकटेपणाची आवड असणाऱ्याला ती गर्दी मानवणार नाही, हे खरे. परंतु त्याच जमिनीवर पौषात कोणी नसते.

वयाच्या या टप्प्यावर घराबाहेर पडण्याला भारतीय परंपरेत शास्त्राधारही आहे. मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो की केस पिकल्यावर आणि नातवाचे तोंड पाहिल्यावर गृहस्थाने वनाचा आश्रय घ्यावा, जमिनीवर झोपावे आणि झाडाच्या बुंध्याशी राहावे; मात्र तेथील हेतू तपाचा असल्यामुळे त्या वर्णनात मौजेला जागा नाही. मौजेसकट हे साधणारे मराठीतले उदाहरण गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांचे होय, ज्यांनी पायी भ्रमणाची सवय तारुण्यात लावून घेतली आणि गडांवरचे मुक्काम उतारवयापर्यंत चालू ठेवले. परदेशातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एमा गेटवुड या बाईंचे आहे. अकरा मुले वाढवून झाल्यावर, १९५५मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी त्या अपलाचियन पर्वतवाटेवर एकट्या निघाल्या आणि सुमारे ३,३०० किलोमीटर चालून त्यांनी ती पुरी केली. अंगावर साधे कपडे, पायांत कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पांघरायला एक घोंगडे आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, एवढाच त्यांचा संसार होता, तंबू नव्हताच. जेथे जमले तेथे त्या अनोळखी लोकांच्या ओसरीवर झोपल्या. त्यांच्या पराक्रमाचे कौतुक करणारे बहुधा त्यांच्या पिशवीबद्दल बोलतात, ओसऱ्यांबद्दल फारसे बोलत नाहीत.

खंडाळ्याकडे जाण्याचा खर्च ज्येष्ठांसाठी नगण्य आहे. ऑगस्ट २०२२मध्ये राज्य परिवहन महामंडळाने ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास सुरू केला, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते, आणि मार्च २०२३पासून सर्व वयाच्या महिलांनाही निम्म्या तिकिटाची सवलत आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर लोणंद स्थानक असले तरी रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद केली, त्यामुळे या वयात लाल गाडीच अधिक जवळची वाटते.

पुण्याहून येणारा प्रवासी नीरेचा पूल ओलांडून शिरवळला उतरला तर पहिल्याच ठिकाणी त्याला प्रवाशांसाठी केलेल्या सोयींचा जुना पुरावा दिसतो. गावात यादवकालीन मानली जाणारी दगडी पाणपोई आहे, म्हणजे वाटसरूंना पाणी पुरवण्यासाठी मुद्दाम बांधलेली वास्तू. जवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, जी मुळात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, भिक्षूंनी राहण्यासाठी कोरली गेली. आणि नदीकाठी सुभानमंगळ या भुईकोटाचे, म्हणजे सपाट जमिनीवरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. आज शिरवळ कारखान्यांनी वेढलेले असून तेथे मुक्कामाला शांत जागा मिळणे कठीण. पाणी भरून घ्यावे आणि पुढे निघावे, हेच बरे. खंडाळा गाव आणि खंबाटकीचा पायथा यांच्या परिसरात डोंगराच्या सोंडा शेतांपर्यंत उतरतात आणि गावांबाहेरची लहान देवळे अशा प्रवाशाच्या उपयोगी पडतात. महामार्गावर वाहनांची ये-जा सतत चालू असते, त्यामुळे त्याच्याजवळ मालमोटारींचा आवाज रात्रभर थांबत नाही. तासाभराच्या चालीने एखाद्या सोंडेआड गेले म्हणजे तो विरतो. त्यानंतर रात्री दोन वाजता रानात बॅटरीचा उजेड हलताना दिसला, तर बिचकण्याचे कारण नसते: शेतीपंपांना वीज अनेकदा रात्रपाळीत मिळते, आणि शेतकरी तेव्हा ‘दारे धरायला’, म्हणजे पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला आलेला असतो. या मुलखात उघड्यावर रात्र काढणारा माणूस सहसा एकटा नसतो, एवढे यावरून लक्षात यावे.

जागा निवडण्याचे गणित हवेच्या वागणुकीवर बसलेले आहे. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे वेगाने टाकते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते, आणि ती जड हवा उतारावरून घरंगळत ओढ्यात व नदीच्या तळाशी साचते. म्हणून नीरेच्या काठच्या सखल रानापेक्षा तीस-चाळीस मीटर वरची सोंड पहाटे जाणवण्याइतकी उबदार असते, तर अगदी माथ्यावर वारा ती ऊब हिरावून घेतो. झाडाखाली झोपल्यास दहिवर कमी पडते, कारण पानोळा जमिनीची उष्णता अडवतो. मात्र मधमाश्यांचे पोळे आणि वाळलेली फांदी वर नाही ना, हे उजेडीच पाहून घ्यावे लागते. तंबू म्हणून तीन बाय चार मीटरची ताडपत्री, दहा-पंधरा मीटर दोरी आणि चार खुंट्या पुरतात. दोन झाडांमध्ये दोरी ताणून तिच्यावर ताडपत्री टाकली की धनगरांचे असते तसे दोन्ही बाजूंनी उघडे ‘पाल’ तयार होते. स्वस्त बंदिस्त तंबूत झोपणाऱ्याच्या श्वासातल्या वाफेचे आतल्या बाजूला पाणी होऊन ते पहाटे थेंबथेंब गळते आणि लोक तंबू फुटका निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. उघड्या पालात वारा ती वाफ घेऊन जातो. याहून महत्त्वाचे ते अंथरूण. पांघरूण कितीही जाड असले तरी शरीराच्या वजनाखाली दबलेल्या भागातील हवा निघून जाते आणि ऊब धरणारी हवाच असल्यामुळे खालची थंडी थेट पाठीला भिडते. म्हणून दोन घोंगड्या असतील तर त्यांपैकी एक, आणि जाड असलेली, खाली घालावी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी टोचते, तिला वास असतो, पिशवीत ती पुष्कळ जागा खाते. पण ती ओलसर झाली तरी ऊब देते, आणि या एका गुणापुढे तिचे सगळे दोष माफ करावे लागतात.

शरीराची बाजू तरुणांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सापडत नाही. वय वाढते तसे थंडीला प्रतिसाद देण्याची शरीराची क्षमता मंदावते आणि थंडी जाणवण्याआधीच अंग गार पडू लागते. तहानेची जाणीवही बोथट होते, त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी पिणे आवश्यक ठरते. रात्री लघवीला उठावे लागणे ही या वयातली सर्वसामान्य गोष्ट असून काळोखात अनोळखी जमिनीवर पडण्याचा धोका तिच्यातूनच सर्वाधिक उद्भवतो: म्हणून बॅटरी उशाशी, वाट संध्याकाळीच साफ केलेली, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने उठल्याबरोबर चालू न लागता मिनिटभर बसून राहणे, अशी शिस्त लागते. गुडघे जमिनीवरून उठू देत नसतील तर पथारी बुंध्याला लागून घालावी, म्हणजे हाताला आधार मिळतो. किंवा शेतकऱ्याकडे बाज मागावी, म्हणजे सुंभाने विणलेली खाट, जी शेतातल्या गोठ्यापाशी बहुधा असतेच. बाजेवर झोपल्याने मुक्कामाचा साधेपणा भंगतो असे मानणारा कर्मठपणा साठीनंतर सोडून द्यावा.

बाज आणखी एका कारणासाठी हितकर आहे. या प्रदेशात नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात, आणि त्यांपैकी मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्या माणसांना झोपेत चावते. दंश इतका सूक्ष्म असतो की तो पुष्कळदा कळतही नाही. कडा अंथरुणाखाली घट्ट खोचलेली साधी मच्छरदाणी हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखवून दिली आणि पुष्कळ प्राण वाचवले. तरीही बूट सकाळी झटकूनच घालावेत. कडबा किंवा पाचट अंथरायला मऊ असते, पण तेच उंदरांचे घर आणि म्हणून सापांचे शिकारस्थान असते. उसाच्या फडालगतची जागा बिबट्यामुळे वर्ज्य समजावी. एकट्याने निघालेल्याने जवळचे ग्रामीण रुग्णालय कोठे आहे आणि तेथे सर्पविषावरील लस उपलब्ध आहे का, हे आधी विचारून ठेवणे ताडपत्रीइतकेच आवश्यक आहे.

शिरवळहून लोणंदकडे जाताना नायगाव लागते, जेथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. जयंतीचा दिवस सोडला तर त्यांच्या स्मारकात निवांत बसता येते. पुढे नीरेवरील वीर धरणाचा फुगवटा, म्हणजे धरणामागे पसरलेले पाणी, हिवाळ्यात ओसरू लागतो तेव्हा उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या कडेने पट्टकादंब हंसांचे थवे उतरतात. हे पक्षी मध्य आशियातल्या पठारांवरून हिमालय ओलांडून येतात आणि पहाटे शेतांतली कोवळी पिके चरून पुन्हा पाण्यावर जातात. पक्षी पाहणारे लोक त्यांच्यासाठी मोठ्या दुर्बिणी घेऊन पुण्याहून मोटारीने येतात आणि ऊन चढले की परततात; आदल्या संध्याकाळपासून काठाजवळच्या शेतात मुक्काम केलेल्याला, दुर्बीण नसली तरी, हंस आवाजानेच जागे करतात.

जमिनीच्या मालकीचा प्रश्न मात्र सैल सोडता येत नाही. वरवर ओसाड दिसणारी प्रत्येक जागा कोणाची तरी असते: डोंगरउताराचा मोठा भाग वनखात्याचा, फुगवट्याची कड पाटबंधारे खात्याची, गायरान ग्रामपंचायतीचे आणि उरलेले खासगी. वनहद्दीत आणि संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय मुक्काम व जाळ निषिद्ध समजावा. सर्वांत निर्वेध जागा शेतकऱ्याच्या रानात, त्याला विचारून मिळते, आणि एकट्या स्त्रीच्या बाबतीत घराचे अंगण किंवा वस्तीतले देऊळ अधिक योग्य. यासोबत गावच्या पोलीस पाटलाला सांगणे इष्ट असते. हे पद १९६७च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली चालते आणि गावात आलेल्या परक्या माणसाची माहिती ठेवणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. त्याला सांगितल्याचा परिणाम असा की अंधार पडण्याच्या आत ती बातमी सगळ्या गावाला कळते, आणि कोणी दुधाचा तांब्या, कोणी भाकरी-कालवण घेऊन पालापाशी येते. येणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एकच शंका असते, जी दोन-चार इकडच्या तिकडच्या गोष्टींनंतर बाहेर पडते: काका, घरी काही वाजलं का? पिकल्या केसांचा माणूस पौषातल्या थंडीत स्वतःहून रानात झोपतो, हे सहजी पटण्यासारखे नसते, आणि मोकळी हवा, निसर्ग, एकांत ही कारणे ऐकून शंका उलट बळावते. वारीला जायचे आहे, त्याआधी जमिनीवर झोपण्याचा सराव करतो, असे सांगितले म्हणजे ती मिटते. मग चौकशी पुढे सरकते ती कोणत्या दिंडीत जाणार, याची. आणि विचारणारा स्वतः वारकरी असला, तर पालखीच्या रथाच्या पुढच्या दिंडीत जावे की मागच्या, यावर त्याचे मत ऐकण्यात भाकरी गार होते.